शोरूमचा आकडा आठ लाख, दारात गाडी येईस्तोवर साडेनऊ! गाडी काढण्याआधी हा हिशेब बघा

ऊसबिलाचे पैसे खात्यावर पडले किंवा डाळिंबाचा एखादा तोडा चांगल्या भावात गेला, की माळशिरस, पंढरपूर, सांगोला भागातल्या घरांत एक विषय हमखास निघतो. यंदा गाडी काढायची का? मग पारावर, चहाच्या हॉटेलात, सोसायटीच्या ऑफिसपुढे सल्ले सुरू होतात. "मारुतीच घे, डोळे झाकून." "मारुतीचा पत्रा म्हणजे पापड, टाटाची घे." "टाटा? आमच्या पाव्हण्यांची इंडिका वर्षातनं सहा महिने गॅरेजलाच असायची."

सांगणारे सगळे खरंच बोलत असतात. फक्त प्रत्येकाचं खरं वेगवेगळ्या सालातलं असतं. गाडीच्या कंपनीचं नाव दहा वर्षांत पार बदलतं, गावातलं मत मात्र तिथंच राहतं. आणि ज्या गोष्टीवर खरी चर्चा व्हायला पाहिजे, म्हणजे पैसा, त्यावर कोणी फारसं बोलत नाही. घरातल्या घरात आकडा ठरतो "आठ लाख", आणि गाडी दारात येते तेव्हा साडेनऊ लाख गेलेले असतात.

आठ लाखाची गाडी कितीला पडते?

जाहिरातीत दिसणारी किंमत ही एक्स-शोरूम असते. जीएसटी तिच्यात आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता. छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि इंजिन पेट्रोल-सीएनजीचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. यापेक्षा मोठ्या गाड्यांना ४० टक्के लागतो. त्यामुळे त्या तारखेआधीचं कोणाचं कोटेशन दाखवून "आमच्या भावानं एवढ्याला घेतली" असं कोणी सांगत असेल, तर ते आता कामाचं नाही.

पासिंगचा खर्च या किमतीच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहनकर ११ टक्के आहे. डिझेलला १३ टक्के. किंमत दहा लाखांच्या वर गेली की टक्काही वाढतो. सीएनजीला आधी ७ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढला. म्हणजे आठ लाखाच्या पेट्रोल गाडीला ८८ हजार रुपये नुसता कर. (गाडी पतसंस्था, कंपनी किंवा दूध संस्थेच्या नावावर घ्यायची असेल तर आधी आरटीओत विचारा, संस्थेच्या गाडीला दर बराच जास्त पडू शकतो.)

मग विमा. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. १००० सीसीपर्यंत त्याचा हप्ता ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, वर जीएसटी. हा दर सरकारी आहे, तो कुठेही सारखाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, आणि झिरो डेपसारख्या जोडण्यांत. इथे शोरूमचा आकडा आणि बाहेरून काढलेल्या विम्याचा आकडा यात कित्येक हजारांचं अंतर निघतं. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. दोन-तीन ठिकाणचे कोट मोबाईलवर काढून शोरूमला दाखवले, तरी पुष्कळदा तिथला आकडा तिथल्या तिथे खाली येतो.

कर, विमा, नोंदणी फी, कर्ज असेल तर एचपी चढवण्याची फी, फास्टॅग असं धरलं की आठ लाखाची गाडी सव्वानऊ, साडेनऊच्या घरात जाते. त्यावर कोटेशनच्या शेवटच्या ओळी येतात: हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक, "एसेन्शियल किट", टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी. वाढीव वॉरंटी बऱ्याच जणांना उपयोगी पडते. पण ती ऐच्छिक आहे, आणि पहिली वॉरंटी संपण्याआधी नंतरही घेता येते. सीट कव्हर आणि मॅट तालुक्याच्या दुकानात निम्म्या पैशात बसतात. हँडलिंग चार्जेसला मात्र कसलाच आधार नसतो. ते ठामपणे नाकारले तर कमी होतात. कोटेशन कागदावर, शिक्क्यासह मागा. तोंडी आकड्यावर बुकिंगचे पैसे देऊ नका.

गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएसही कापला जातो. हा खर्च समजू नका. तो आयकर विवरणपत्र भरून परत मागता येतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्रच न भरणारे पुष्कळ जण हे दहा-बारा हजार तसेच सोडून देतात.

पीक सहा महिन्यांनी, हप्ता दर महिन्याला

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, शेतकऱ्याचा पैसा हंगामाला. ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्ते मिळतात. कारच्या कर्जात हप्ता साधारणपणे महिन्याचाच असतो. शोरूममध्ये ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. जूनमध्ये बी-बियाणं, खत, मुलांची फी आणि गाडीचा हप्ता एकदमच उभे राहतात.

सहा लाखांचं कर्ज, व्याज साडेनऊ टक्के धरा. सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ९,८०० रुपये बसतो, पाच वर्षांसाठी १२,६००. शोरूमचा माणूस सात वर्षांचा हप्ता दाखवतो, कारण तो दहा हजारांच्या आत दिसतो. पण सात वर्षांत व्याज जातं सव्वादोन लाखांच्या आसपास, पाच वर्षांत साधारण १ लाख ५६ हजार. दोन वर्षं लांबवली म्हणून ६७-६८ हजार जास्त. आणि सातव्या वर्षी गाडीची किंमत काय उरलेली असते ते वेगळंच.

जुन्या गाडीच्या कर्जात आणखी एक गोम असते: "फ्लॅट" व्याज. खासगी फायनान्सवाला म्हणतो, "फक्त सात टक्के." बँक साडेनऊ सांगते, म्हणजे हा स्वस्त, असं कोणालाही वाटेल. हिशेब करून बघा. सहा लाखांवर फ्लॅट सात टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज होतं २ लाख १० हजार, हप्ता १३,५००. बँकेचा साडेनऊ टक्क्यांचा हप्ता याहून नऊशे रुपयांनी कमी होता. कारण फ्लॅटमध्ये फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागत राहतं. बँकेच्या भाषेत तो सात टक्के म्हणजे जवळजवळ साडेबारा टक्के असतो. म्हणून टक्का विचारूच नका. एकच विचारा: हप्ता किती, आणि एकूण किती हप्ते? दोन्हींचा गुणाकार मोबाईलवर करा, खरा भाव समोर येतो.

मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही आधीच लिहून घ्या. ऊसबिल आलं की एकरकमी भरू, असा बेत असणाऱ्यांना या एका ओळीचा फटका बसतो.

नाव कोणाचं मोठं?

आता ब्रँडकडे वळू. भारतातल्या पहिल्या मोटार कारखान्यांपैकी एक काढला तो सोलापूरच्याच माणसानं. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली आणि मुंबईत कुर्ल्याला गाड्या बनू लागल्या. पुढे प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणायचे, ही एका पिढीसाठी "गाडी" या शब्दाचाच अर्थ होती. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि काही वर्षांतच फियाट जुनी वाटू लागली. नाव एवढं मोठं असूनही प्रीमियर टिकली नाही.

गावाकडे रस्त्यावर वेगळीच नावं होती. वडापला ट्रॅक्स आणि महिंद्राच्या जीपा, लग्नाच्या वऱ्हाडाला १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, नंतर बोलेरो. पुढाऱ्याच्या ताफ्यात २००२ पासून स्कॉर्पिओ. १९९८ च्या शेवटी टाटाची इंडिका आली. पहिल्या गाड्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीला सुधारून "व्ही टू" काढावी लागली. ती चालली, पण चालली ती टॅक्सीत. त्यामुळे पुढची पंधरा वर्षं "टाटा म्हणजे टॅक्सी, खडखड" हे मत घट्ट बसलं. पाव्हण्यांच्या इंडिकाची गोष्ट त्या काळातली.

मग २०१४ साल आलं. ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या भिंतीवर आदळवून बघितल्या: मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. देशी, कोरियन, अमेरिकन, जर्मन, सगळ्यांचा निकाल एकच. यातली खरी शिकवण पोलोत होती. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य, आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे कंपनी तीच, मॉडेलही तेच, पण व्हेरियंट बदललं तर जीव वाचण्याची शक्यताही बदलते.

टाटानं हे नीट ओळखलं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला या चाचणीत पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. पाठोपाठ महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० लाही मिळाले. ज्या टाटाला लोक टॅक्सीवाली म्हणत होते, तिचंच नाव आता "मजबूत गाडी" म्हणून घेतलं जाऊ लागलं, आणि पापडाचा शिक्का मारुतीवर बसला. तोही कायमचा नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळाले, तेही कडक केलेल्या चाचणीत. ग्लोबल एनकॅपनं जुलै २०२२ पासून नियम कडक केलेत, त्यामुळे २०१८ चे पाच तारे आणि आताचे पाच तारे एकाच तराजूत तोलता येत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे. गाडीचं नेमकं मॉडेल आणि चाचणीचं साल टाकून मोबाईलवर शोधलं की निकाल दिसतो. सेल्समननं "फाइव्ह स्टार" म्हटलं की कोणत्या सालची, हे विचारायचं.

नाव बदलण्याची एक कडू बाजूही आहे. जनरल मोटर्सनं २०१७ च्या शेवटी भारतात शेवर्लेची विक्री थांबवली. टवेरा, बीट, स्पार्क घेतलेल्यांच्या दारातल्या गाड्यांची किंमत धाडकन खाली आली. कंपनीचा पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोर्डच्या गाड्या चालवायला वाईट नव्हत्या, इकोस्पोर्टवर आजही जीव टाकणारे लोक आहेत. पण पार्टसाठी पुण्याला फोन करून आठ-आठ दिवस वाट बघायची तयारी हवी. आज जुन्या बाजारात या गाड्या स्वस्त दिसतात त्याचं कारण हेच.

आणि नुसता बिल्ला बघून भुलायचं नाही. टोयोटाची ग्लँझा ही मुळात मारुतीची बलेनो आहे. ती बनते सुझुकीच्याच कारखान्यात. वॉरंटी आणि सर्व्हिसचं जाळं वेगळं, तेवढ्यासाठी कोणी घेत असेल तर ठीक. "टोयोटा म्हणजे इनोव्हासारखी चालणार" म्हणून घेत असेल तर हिशेब चुकला.

मग गावात राहणाऱ्यानं बघायचं काय? कंपनीच्या मोठेपणापेक्षा दोन अंतरं मोजावीत. अधिकृत सर्व्हिस सेंटर आपल्या घरापासून किती किलोमीटर, आणि आपल्या तालुक्याच्या गावातला मेस्त्री त्या गाडीला हात लावतो का. अकलूज, पंढरपूर किंवा बार्शीत काम होणारी गाडी आणि दरवेळी सोलापूर किंवा पुणे गाठायला लावणारी गाडी, यांच्या खर्चात पाच वर्षांत मोठा फरक पडतो. मेस्त्रीला सरळ विचारा की या गाडीचा क्लच, सस्पेन्शन आणि पुढचा बंपर कितीला पडतो, आणि माल किती दिवसांत येतो. पारावरच्या दहा सल्ल्यांपेक्षा त्याचं उत्तर कामाचं असतं.

सीएनजी घ्यावी का?

पेट्रोलपेक्षा सीएनजीची गाडी साधारण ९०-९५ हजारांनी महाग येते. किलोमीटरला दोन रुपये वाचतात असं धरलं, तर हे पैसे फिटायला ४५ हजार किलोमीटर जावे लागतात. रोज पंढरपूर-सोलापूर करणाऱ्याचे ते दोन वर्षांत फिटतात. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर, म्हणजे दवाखाना, लग्नं आणि देवदर्शन एवढंच फिरणाऱ्याला सहा वर्षं लागतात, वर पंपावरची रांग आणि डिकीतली जागा गेलेली. करात थोडी बचत होते हे खरं, पण तेवढ्यासाठी सीएनजी घेऊ नये.

पेट्रोल घेणाऱ्यानं इथेनॉलही ध्यानात ठेवावं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, त्यांचा अ‍ॅव्हरेज थोडा घटतो. ऊस आपला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, आणि भुर्दंडही आपल्याच टाकीला. जुनी गाडी घेताना तिच्या इंधन झाकणावरची किंवा पुस्तिकेतली ई १०, ई २० ची नोंद बघून घ्या.

पुणे मार्गावर वारंवार जाणाऱ्या खासगी गाडीला वार्षिक फास्टॅग पास परवडतो, २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना सुरू झाला. वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. म्हणजे त्या भावानं एका नाक्याला १५ रुपये. तो राष्ट्रीय महामार्गावरच चालतो, राज्याच्या टोलवर नाही.

जुनी गाडी घेताना: सातबारा बघतो तसं आरसी बघा

जमीन घेताना आपण सातबारा काढतो, बोजा बघतो, फेरफार बघतो. जुन्या गाडीला मात्र लोक रंग आणि टायर बघून इसार देतात. आरसीवरही बोजा असतो, त्याला एचपी म्हणतात. कर्ज फिटलं असं मालक तोंडानं सांगतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय आणि आरटीओत एचपी उतरल्याशिवाय ते फिटलं असं धरू नये. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, फिटनेस दिसतो. ई-चलानची थकबाकीही ऑनलाइन कळते. व्यवहाराआधी ती मालकाकडून भरून घ्यावी.

दिल्लीच्या गाड्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर वर्षानुवर्षं निर्बंधांची टांगती तलवार राहिली, म्हणून त्या स्वस्तात बाहेर पडतात आणि एजंटांमार्फत आपल्याकडे येतात. भाव ऐकून माणूस हरखतो. पण परराज्यातली गाडी इथे कायम वापरायची तर तिकडची एनओसी, इथला वाहनकर आणि एमएच १३ किंवा एमएच ४५ चं नवीन पासिंग आलंच. "एनओसी मागनं येईल" असं एजंट म्हणाला, तर पैसेही मागनंच द्यावेत.

गाडी कोणत्या सालची यावर सुरक्षा ठरते. ड्रायव्हरसमोरची एअरबॅग २०१९ च्या मध्यापासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ च्या अखेरीपासून. त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये दोन्ही नसण्याचीच शक्यता जास्त. तीन लाखांत मिळणारी २०१६ ची "टॉप कंडिशन" गाडी बघताना स्टेअरिंगवर एअरबॅगचं चिन्ह आहे का, एवढं तरी बघावं. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का, हेही बघा. नसेल तर चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी, हा खर्च कोणी करायचा ते आधीच ठरवा.

विमाही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. ते राहिलं आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही नव्या मालकाला मिळत नाही, तो जुन्या मालकाबरोबर जातो. त्यामुळे पहिल्या नूतनीकरणाला हप्ता अंदाजापेक्षा जास्त निघतो.

गाडी विकणाऱ्याची जोखीम याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल गावात कोणी बोलत नाही. गाडी गेली, पैसे मिळाले, पण आरसीवर नाव अजून आपलंच. दरम्यान नव्या मालकाच्या हातून अपघात झाला आणि विमा संपलेला निघाला, तर भरपाईची नोटीस आरसीवरच्या नावाला येते. गाडी मधे तीन-चार हातांतून गेली असली, तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. ही भरपाई लाखांत असते, आणि वसुलीची वेळ आली तर घरातल्या मालमत्तेवर येते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते एजंटाच्या हातात सोडून द्यायचे नाहीत. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्याची पोच घ्यावी आणि महिनाभरानं अ‍ॅपवर आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते बघावं. नसेल बदललं तर घेणाऱ्याला फोन करायचा, आणि फोन लागत नसेल तर पोच घेऊन सरळ अकलूज किंवा सोलापूरचं आरटीओ गाठायचं.